ईसानच्या शाळेतल्या परक्या बाई

पावसाने पत्र्यावर असा ताल धरला होता की मुख्याध्यापकांचं भाषण माइकवरूनही धड ऐकू येत नव्हतं. जून महिना, गुरुवारची सकाळ. शाळेच्या उघड्या मंडपात तीनेकशे मुलं फरशीवर बसली होती. प्रत्येक वर्गातली दोन दोन मुलं उठत, शिक्षकांच्या रांगेजवळ येताच गुडघ्यांवर बसत, तशीच पुढे सरकत आणि हातातलं ताट आमच्यापुढे ठेवून जमिनीवर डोकं टेकवत. आठवीतल्या एका मुलीने माझ्यापुढे ताट धरलं. केळीच्या पानाच्या द्रोणावर फुलं रचलेली: एक्झोराचे लाल झुपके, वांग्याची जांभळट फुलं आणि त्यांच्या मधोमध हिरव्यागार दूर्वांची जुडी. बाकी सगळं मला कुणीतरी समजावून सांगावं लागलं, पण दूर्वा ओळखायला कुणाची गरज नव्हती. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या अंगणात त्या मी शेकडो वेळा खुडल्या आहेत.

या सोहळ्याला थायलंडमध्ये 'वाय ख्रू' म्हणतात, म्हणजे गुरुवंदना. शाळेचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं आणि जूनमध्ये कुठल्याशा गुरुवारी देशभरातल्या शाळांत ही वंदना होते. वार गुरूचाच, थाई भाषेत त्याचं नावही बृहस्पतीवरूनच आलेलं. एक्झोराला थाईत सुईचं फूल म्हणतात, कारण तिची कळी सुईसारखी असते. बुद्धी तशी तीक्ष्ण व्हावी. वांग्याचं फूल मान खाली घालून असतं. विद्यार्थी तसा नम्र असावा. आणि दूर्वा तुडवली तरी मरत नाही, पाऊस पडला की पसरत जाते; ज्ञान तसं पसरावं. 'ख्रू' म्हणजे शिक्षक, आणि हा शब्द दुसरा तिसरा कुठला नसून आपला 'गुरु' आहे.

थायलंडच्या खेड्यात मी दोन वर्षं इंग्रजी शिकवलं. परदेशात शिकवायला गेलेला माणूस परत आला की बहुधा स्वतःबद्दल बोलतो: उकाडा, एकटेपणा, जेवणाचे हाल, मुलांनी लावलेला जीव. ते सगळं खरं आहे आणि त्यातलं थोडं मीही सांगणार आहे. पण मला जास्त सतावणारा प्रश्न वेगळा आहे. परक्या बाई येतात, वर्षभर शिकवतात आणि निघून जातात. त्यांच्या मागे वर्गात काय उरतं?

थायलंडच्या ईशान्य भागाला 'ईसान' म्हणतात. हे नावही आपल्या ईशान्य दिशेचंच. वीस प्रांतांचा हा पठारी मुलूख आहे; देशाची सुमारे एक तृतीयांश जमीन त्यात येते, आणि उत्तरेला व पूर्वेला मेकाँग नदीपलीकडे लाओस आहे. मी होते तो प्रांत रोई एत. या नावाचा अर्थ चक्क 'एकशे एक' असा होतो. बँकॉकहून रात्रीच्या बसने सुमारे पाचशे किलोमीटर. प्रांताच्या दक्षिणेला एक विस्तीर्ण माळ पसरला आहे, 'थुंग कुला रोंग हाय', म्हणजे कुला लोक रडले ते मैदान. कुला हे फिरते व्यापारी. हा माळ ओलांडताना ना सावली ना पाणी, म्हणून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, अशी कथा सांगतात. आज त्याच माळावर थायलंडचा सर्वात नावाजलेला सुवासिक तांदूळ पिकतो. मात्र बरीचशी शेती अजूनही पावसाच्या भरवशावर आहे. एक पीक निघालं की उरलेलं वर्ष कोरडं, आणि शाळेतल्या कित्येक गोष्टींचं मूळ या कोरड्या महिन्यांत आहे. ते पुढे येईलच.

आधी जाण्याच्या वाटेबद्दल, कारण मराठी मुलं-मुली मला हेच सर्वात आधी विचारतात. पदवी हवी, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा, नोकरीसाठीचा 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा हवा, आणि तिथे गेल्यावर कामाचा परवाना. पर्यटक म्हणून जाऊन शिकवणं हा गुन्हा आहे. कुणी एजंट 'आधी या, मग बघू' म्हणाला तर त्याच्या नादी लागू नये. शिक्षकांची जी वैधानिक परिषद आहे तिचं नाव खुरुसफा, म्हणजे आपली गुरुसभा. शिक्षणशास्त्राची पदवी नसेल तर शाळा या परिषदेकडून तुमच्यासाठी तात्पुरती परवानगी काढते. ती दोन वर्षांची असते, आणि पुढे राहायचं तर पात्रता वाढवावी लागते. दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशन कार्यालयाला कळवायचा, हे कधीही चुकवायचं नाही.

पगाराचं बोलायचं तर गावाकडच्या सरकारी शाळेत परदेशी शिक्षकाला साधारण २५ ते ३५ हजार बाथ मिळतात. मी होते तेव्हा एक बाथ म्हणजे दोन-अडीच रुपये होते. गावात घरभाडं कमी, जेवण स्वस्त, त्यामुळे पैसे मागे पडतात. पण हा आकडा सगळ्यांना सारखा नाही. ब्रिटिश, अमेरिकन, दक्षिण आफ्रिकी शिक्षकाला जे मिळतं ते त्याच शाळेत तेच तास घेणाऱ्या फिलिपिनो किंवा भारतीय शिक्षकाला बऱ्याचदा मिळत नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा मानली जात नाही, त्यांना आधी परीक्षा देऊन इंग्रजी सिद्ध करावं लागतं. मी ज्या दलालामार्फत गेले त्याने माझ्या पगारातून दर महिन्याला किती कापून घेतलं हे मला वर्ष संपताना कळलं, आणि एप्रिलच्या सुट्टीचा पगार करारात नव्हताच. हा करार मी नीट वाचायला हवा होता. जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, की करार दहा महिन्यांचा आहे की बाराचा, हे पहिल्यांदा बघा.

शाळा सकाळी आठला सुरू होते. आठच्या ठोक्याला राष्ट्रगीत आणि ध्वजारोहण, मग पाली भाषेतली बुद्धवंदना. 'नमो तस्स भगवतो' हे शब्द पहिल्या दिवशी त्या मुलांच्या तोंडून ऐकले तेव्हा दीक्षाभूमीवरचा जनसागर माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. नंतर मुलं पायातले बूट वर्गाबाहेर ओळीने काढून आत जातात. शिक्षक वर्गात आला की वर्गप्रमुख ओरडतो 'स्टँड अप प्लीज', आणि पंचेचाळीस मुलं एका सुरात गुड मॉर्निंग म्हणतात. आपण 'हाउ आर यू' विचारायचं, आणि एका सुरात उत्तर येतं, 'आय अॅम फाइन, थँक यू, अँड यू?'

दुसऱ्या आठवड्यात एका मुलाच्या पायाला मोठी पट्टी बांधलेली होती. मोटारसायकलच्या गरम सायलेन्सरला पोटरी भाजली होती. तो बाकाला धरून उभा राहिला, चेहरा वेदनेने आक्रसलेला, आणि इतरांबरोबर म्हणाला, 'आय अॅम फाइन'. त्या दिवशी मी ठरवलेला धडा उघडला नाही. फळ्यावर पायाचं चित्र काढलं आणि सबंध तास एकच गोष्ट केली: माझं डोकं दुखतंय, माझं पोट दुखतंय, माझा पाय भाजलाय. तास संपताना तो मुलगा पुन्हा उभा राहिला आणि स्वतःच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाला, 'टीचा, माय लेग हर्ट'. शेवटचा 'स' गळला होता, पण वाक्य त्याचं स्वतःचं होतं.

या गळणाऱ्या 'स'बद्दल मला मनापासून सांगायचं आहे, कारण माझ्या दोन वर्षांतली सर्वात मोलाची गोष्ट मला त्याच्यातून सापडली. थाई मुलं 'बॉल'ला 'बॉन' म्हणतात, 'अॅपल'ला 'अॅप्पन', 'स्कूल'ला 'सकून', 'बस'ला 'बत'. परदेशी शिक्षक वैतागतात. मुलं ऐकत नाहीत, लक्ष देत नाहीत, असं त्यांना वाटतं. मलाही पहिले काही आठवडे तसंच वाटलं. मग मी थाई लिपी शिकायला घेतली आणि चक्रावून गेले.

थाई वर्णमालेत ४४ व्यंजनं आहेत, आणि ती आपल्याच क्रमाने येतात: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, मग य र ल व, मग तीन 'स' आणि 'ह'. दक्षिण भारतातून ख्मेर लोकांकडे आणि त्यांच्याकडून थाई लोकांकडे ही लिपी गेली. शेवटाकडे चक्क 'ळ' आहे. 'खेळ' या अर्थाचा थाई शब्द, पाली 'कीळा', आजही त्या अक्षराने लिहितात. भाषेत संस्कृत आणि पाली शब्दांची रेलचेल आहे, फक्त ते थाई जिभेवर बदलले आहेत, आणि ते बदल नियमाने झालेत. आपले ग, ज, द, ब, भ तिथे ख, छ, थ, फ होतात. म्हणून गुरु झाला ख्रू, भाषा झाली फासा. प आणि त यांचे ब आणि द होतात. म्हणून पूजा झाली बूछा आणि तारा झाला दारा. शब्दाच्या शेवटी र, ल किंवा ळ आला की त्याचा न होतो: नगर झालं नखोन, आचार्य झाले आचान. शेवटी स, श, ष आला की त्याचा त होतो: प्रदेश झाला प्रथेत, आणि तिथे त्याचा अर्थ देश. बालवाडीला थाईत 'अनुबान' म्हणतात. मूळ शब्द 'अनुपाल', म्हणजे सांभाळणं. प चा ब झाला आणि ल चा न.

आता 'बॉल'चा 'बॉन' आणि 'बस'चा 'बत' पुन्हा पाहा. शेकडो वर्षांपूर्वी 'अनुपाल'चं ज्या नियमाने 'अनुबान' झालं, त्याच नियमाने चौथीतला मुलगा आज 'बॉल'चं 'बॉन' करतो. त्याच्या भाषेत शब्दाच्या शेवटी 'ल' उच्चारायची सोयच नाही. इतकंच काय, लिहिताना थाई लोक मूळचं अक्षर जपतात. 'नखोन' लिहितात 'र' घालून, 'प्रथेत' लिहितात 'श' घालून. लिहायचं एक आणि म्हणायचं दुसरं, ही त्या मुलाची पहिलीपासूनची सवय आहे. तो निष्काळजी नाही. आपल्या भाषेशी इमान राखून आहे.

हे कळल्यावर शिकवण्याची रीत आपोआप बदलली. शब्दाच्या सुरुवातीला 'ल' आणि 'स' ही मुलं सहज म्हणतात. मग मी शेवटचा 'ल' पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला ढकलायला लागले. 'बॉल' एकटा घ्यायचाच नाही. 'बॉल इज' घ्यायचं आणि तोडायचं असं: 'बॉ-लिज'. 'राइस इज'चं 'राय-सिज'. टाळ्या वाजवत, चालीवर, आठवडाभर. मग 'इज' हळूहळू पुटपुटत न्यायचं आणि शेवटी गाळायचं. नोव्हेंबरपर्यंत सहावीच्या निम्म्या वर्गाच्या तोंडी शेवटचा 'ल' बसला होता. इथे मराठी कानाचा मला फायदा झाला. थाईत क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे अगदी आपल्यासारखे वेगळे आहेत. इंग्रज शिक्षकांना तो फरक ऐकूही येत नाही; आपल्याला तो जन्मतः येतो. मात्र सुरांनी मला खूप रडवलं. थाईत पाच सूर आहेत. 'मा' सपाट म्हटलं तर 'ये', खालून वर नेलं तर 'कुत्रा', वरच्या पट्टीत म्हटलं तर 'घोडा'.

आणि एक गोष्ट परदेशी शिक्षकाला बहुधा कुणी सांगत नाही. ईसानच्या मुलांची घरची भाषा थाई नव्हेच. ती लाओ भाषेची सख्खी बहीण आहे. शाळेत 'चविष्ट'ला 'आरोय' म्हणायचं, घरी 'सैप'. शाळेत 'नाही'ला 'माय', घरी 'बो'. शाळेत प्रांताचं नाव रोई एत, आजीच्या तोंडी होई एत. म्हणजे पहिलीत आलेलं मूल एक नवी भाषा शिकतच असतं, आणि त्याच वर्षी त्याच्या पुढ्यात इंग्रजी येऊन पडतं. आमच्या पूर्व विदर्भातल्या गोंडी बोलणाऱ्या मुलांची पहिलीतली अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मी जेव्हा वर्गात एखादा ईसान शब्द वापरायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलं मान वर करायची. त्यांच्या घरची भाषा फळ्यावर कधी आलेलीच नव्हती.

मुलांच्या न बोलण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते स्वभावातलं आहे. थाईत 'चाय' म्हणजे मन. 'समजलं' याला ते म्हणतात 'खाव चाय', मनात शिरलं. शांत माणूस 'चाय येन', थंड मनाचा. आणि 'क्रेंग चाय' म्हणजे दुसऱ्याच्या मनाला त्रास होईल म्हणून स्वतःला आवरणं. इंग्रजीत या शब्दाचं भाषांतर करताना लोक वाक्यंच्या वाक्यं खर्ची घालतात. मराठीत त्याला शब्द आहे: भीड. 'समजलं का?' विचारलं की सगळा वर्ग 'खाव चाय' म्हणतो, कारण 'नाही' म्हणणं म्हणजे बाईंनी नीट शिकवलं नाही असं चारचौघांत म्हणणं. म्हणून तो प्रश्न विचारायचाच नाही. काहीतरी करायला सांगायचं आणि करताना बघायचं.

माझ्याकडूनही चूक झाली. आपल्याकडे मुलाने चांगलं उत्तर दिलं की हात नकळत त्याच्या डोक्याकडे जातो. पहिल्या महिन्यात मी एका नववीतल्या मुलाच्या डोक्यावर तसा हात ठेवला आणि तो अंग चोरून बाजूला झाला. थाई लोकांसाठी डोकं हा शरीराचा सर्वात पवित्र भाग. परक्याने त्याला हात लावायचा नसतो. शेजारच्या वर्गावरच्या थाई बाईंनी संध्याकाळी मला हे हळुवारपणे सांगितलं, मुलांसमोर नव्हे.

परीक्षेची गोष्ट थोडक्यात. नापास करायचं नाही, असाच तिथला रिवाज आहे. शून्य मिळालेल्या मुलाची पुन्हा परीक्षा घेतात. तिला 'सोप सोम' म्हणतात, म्हणजे दुरुस्तीची परीक्षा. दुरुस्ती हा शब्द मला आवडला, पण प्रत्यक्षात पुष्कळदा एक पान उतरवून दिलं की काम भागतं. या पद्धतीमुळे मूल शाळेत टिकतं, हे मोठंच आहे. शेतीच्या हंगामात शाळा सोडण्याला तेवढाच अटकाव होतो. पण वाचता न येणारं मूल वर सरकत राहतं. २०२२च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत थायलंडच्या पंधरा वर्षांच्या मुलांना वाचनात सरासरी ३७९ गुण मिळाले, आणि बहुतांशी श्रीमंत अशा ओईसीडी देशांची सरासरी होती ४७६. त्या मुलांपैकी काही नेमकी माझ्यासमोर बसत होती. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही असं मी म्हणत होते, आणि मुळात त्यांची थाई वाचनाचीच मारामार होती.

शिक्षकांची वाटणीही सरळ नाही. १२० पेक्षा कमी मुलं असलेली शाळा तिथे 'लहान शाळा' धरतात, आणि अशा शाळा हजारोंनी आहेत. दोन-तीन शिक्षकांवर सहा इयत्ता. त्यांच्यासाठी हुआ हिनच्या राजवाड्याजवळच्या शाळेतले तास १९९०च्या दशकापासून उपग्रहावरून देशभर दाखवले जातात. आमच्या शाळेपासून बारा किलोमीटरवरच्या एका शाळेत मी ते पाहिलं. टीव्हीवरच्या बाई प्रश्न विचारतात, थोडा वेळ थांबतात, आणि समोर बसलेली अकरा मुलं उत्तर देतात. आपल्याकडेही पटसंख्या घटलेल्या शाळा बंद कराव्यात की नाही यावर वाद आहे. तो वर्ग पाहिल्यापासून मला दोन्हीकडची सोपी उत्तरं पटेनाशी झाली आहेत.

थाई वर्गशिक्षकांना वर्षातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरी जावं लागतं. माझ्यावर ती सक्ती नव्हती, पण मी आठवीच्या वर्गशिक्षिकेबरोबर तिच्या स्कूटरवर मागे बसून जायचे. दूर्वांचं ताट देणाऱ्या मुलीचं घर भातखाचरांच्या कडेला, खांबांवर उभं. खालच्या मोकळ्या जागेत माग, त्याच्यावर अर्धवट विणलेलं रेशीम, आणि बाजूला बांबूच्या पलंगावर आजी. भिंतीवर आईवडिलांचा फोटो. दोघंही बँकॉकच्या पूर्वेला समुद्राजवळच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यात कामाला. एक पीक निघालं की शेतात काम उरत नाही, म्हणून ईसानची तरणी माणसं शहराकडे जातात आणि मुलं आजी-आजोबांकडे ठेवतात. एप्रिलमध्ये सोंक्रानला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, बसगाड्या भरभरून आईबाप घरी येतात आणि आठवड्याने परत जातात. वर्गातली निम्मी तरी मुलं अशी होती. मुंबईच्या गिरणीत बाप आणि कोकणात घर, ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

आजीने बांबूच्या टोपलीतून चिकट भात काढून दिला. मी मांस-मासे खात नाही हे त्या मुलीने आजीला आधीच सांगून ठेवलं होतं. शाकाहाराला थाईत 'मंगसविरत', म्हणजे मांसविरती, असा सुंदर शब्द आहे, पण गावात त्याचा उपयोग फारसा होत नाही, कारण कच्च्या पपईच्या सलाडपासून भाजीपर्यंत सगळ्यात खारवलेल्या माशाचं पाणी असतं. आजीने माझ्यासाठी मिरची, मीठ आणि भाजलेल्या लसणाची चटणी वेगळ्या खलबत्त्यात कुटली होती. तिने विचारलं, किती वर्षं राहणार? मी म्हटलं, अजून एक तरी. ती म्हणाली, आधीच्या सगळ्या लवकर गेल्या.

निघताना मी त्या मुलीची जुनी वही मागून घेतली. पाचवीपासूनची सगळी इंग्रजीची पानं तिने एकाच जाड वहीत लिहिली होती. पहिल्या पानावर 'माय नेम इज', मग फळांची नावं, मग रंग. काही पानांनंतर वेगळ्या शिक्षकाची सही, आणि पुन्हा 'माय नेम इज', फळं, रंग. पुढे लाल ताऱ्याचा शिक्का मारणारं कुणीतरी, आणि पुन्हा फळं. चार वर्षांत पाच परदेशी शिक्षक आले होते. कुणीही वाईट शिकवलं नव्हतं. पानं नीटनेटकी होती, चित्रं प्रेमाने काढलेली होती. पण प्रत्येकाने पहिल्यापासून सुरुवात केली होती, कारण आधीच्याने कुठे सोडलं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ती मुलगी 'अॅपल' हा शब्द पाच माणसांकडून शिकली होती, आणि 'काल मी बाजारात गेले' हे एकाकडूनही नाही. थाईत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, म्हणून इंग्रजीचा भूतकाळ हा खरा चढ आहे. त्या चढापाशी पोचेपर्यंत दरवेळी शिक्षक बदलत होता.

माणसं का जातात याची कारणं मला माहीत आहेत, कारण ती सगळी मलाही जाणवली. करार एका वर्षाचा. सुट्टीचा पगार नाही. गावोगाव शाळा परदेशी शिक्षकाचे पैसे पालकांच्या वर्गणीतून उभे करतात, आणि एखाद्या वर्षी ते जमत नाहीत. रात्री आठनंतर गाव झोपतं आणि आपल्या भाषेत बोलायला कुणी नसतं. मार्चमध्ये ऊस आणि भाताचा पेंढा जाळतात, तेव्हा घसा आठवडेच्या आठवडे खवखवतो. रस्त्याची भीती तर खरीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या अहवालात थायलंडमध्ये दर लाख लोकसंख्येमागे ३२.७ जण रस्त्यावर मरतात असं नोंदलं होतं, आणि त्यांत जवळजवळ तीन चतुर्थांश दुचाकी-तीनचाकीवरचे. खेड्यात शिकवायला जाणाऱ्याने सापविंचवाची चिंता नंतर करावी. आधी हेल्मेट घ्यावं आणि रीतसर लायसन काढावं.

तरीही टिकणारी माणसं मी पाहिली. ती बहुतेक फिलिपिनो होती. आमच्या शाळेतली माझी सहकारी अकरा वर्षं तिथे होती. मायदेशी तिने शिक्षणशास्त्राची पदवी घेतली होती, थाई अस्खलित बोलायची, ईसानही बोलायची, आणि तिचा पगार तिच्यानंतर आलेल्या गोऱ्या मुलापेक्षा कमी होता. शाळेच्या जाहिरातीच्या फलकावर फोटो त्या मुलाचा होता. हा अन्याय आहे, आणि तो चेहऱ्याच्या रंगावरून होतो, हे स्पष्ट म्हणायला हवं. इंग्रजी 'जन्मजात' असणं म्हणजे ते शिकवता येणं नव्हे. 'बॉन'चा 'बॉल' कसा करायचा हे त्या गोऱ्या मुलाला ठाऊक नव्हतं. तिला माझ्याही आधी ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही दोघींनी एक काम हाती घेतलं. एक जाड रजिस्टर आणलं आणि प्रत्येक वर्गाला दहा पानं दिली. कोणतं वाक्य वर्गाला येतं, कोणतं अडतं, कोणाला थाई वाचायलाच मदत लागते, 'बॉ-लिज' कुठवर आलं, कोणत्या मुलाला मोठ्याने बोलायची लाज वाटते पण लिहायला तो पुढे असतो. दर शुक्रवारी अर्धा तास. इंग्रजीत, आणि खाली थाईत. नवा माणूस कुठल्याही देशाचा आला तरी त्याला वाचता येईल असं.

मार्चच्या शेवटी गावाने मला निरोप दिला. ईसानमध्ये निरोपाला 'बाय सी' करतात. केळीच्या पानांचा उंच मनोरा मांडतात आणि एकेक माणूस येऊन तुमच्या मनगटाला पांढरा कापसाचा दोरा बांधतो. माणसाच्या अंगात बत्तीस 'ख्वान' असतात, प्रवासाने आणि दुःखाने ते विखुरतात, त्यांना परत बोलावून दोऱ्याने बांधून ठेवायचं. निदान तीन दिवस दोरा काढायचा नाही. त्या मुलीच्या आजीने माझ्या डाव्या मनगटाला दोरा बांधला, गाठ मारली आणि ईसान भाषेत विचारलं, पुढच्या वर्षी कोण शिकवायला येणार? मला उत्तर माहीत नव्हतं. मुख्याध्यापकांनाही नव्हतं.

१६ मेला शाळा उघडली तेव्हा कुणी आलेलं नव्हतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या सहकारिणीचा मेसेज आला. कॅमेरूनहून एक शिक्षक आले आहेत, थाई येत नाही, पण पहिल्याच दिवशी त्यांनी रजिस्टर घरी नेलं. सोबत तिने एक फोटो पाठवला होता. नववीच्या फळ्यावर कुणा अनोळखी हाताने लिहिलेलं एक इंग्रजी वाक्य होतं: काल माझी आजी बाजारात गेली.